पेत्र होडीतून उतरला, पण कोणाच्या सांगण्यावरून?

ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. दोन वर्षांपासून सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस असतं. गेल्या महिन्यात आमच्याकडे उपास-प्रार्थनेला बाहेरगावचे एक सेवक आले होते. मिस्टरांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, "पेत्राने होडी सोडली म्हणून तो पाण्यावर चालला. तुम्ही अजून होडी धरून बसला आहात. मशीन सोडा, मग देवाचं काम बघा." मिस्टरांनी त्या गुरुवारी डायलिसिसला जायला नकार दिला. रविवारी पाय सुजले, रात्री आडवं होता येईना. सोमवारी पहाटे मीच रडून-भांडून त्यांना नेलं. आता सासूबाई म्हणतात, "तुझ्या अविश्वासामुळे त्याचं बरं होणं अडलं." मिस्टर मला काही बोलत नाहीत, पण तेव्हापासून गप्प गप्पच असतात.

त्यातच आमच्या महिला मंडळाने पुढच्या महिन्याचे चार संदेश माझ्याकडे दिलेत. विषय 'विश्वासवीर'. अब्राहाम, मोशे, हन्ना, दानीएल. मी कोणत्या तोंडाने बोलू? त्यांच्यासारखा विश्वास माझ्यात नाही हे घरातच ठरून गेलंय. आणि खरं सांगू का, त्यांच्या गोष्टी वाचल्या की धीर यायच्या ऐवजी मला राग येतो. त्यांना मिळालं, मग आम्हाला का नाही? पवित्र शास्त्रातल्या माणसांकडून आमच्यासारख्यांनी नक्की शिकायचं तरी काय?

आपली एक बहीण


प्रिय बहीण,

सलाम. तुमच्या प्रश्नाकडे येतेच, पण निकडीचं आधी. येता सोमवार चुकवायचा नाही, आणि त्यानंतरचा कुठलाही वार नाही. किडन्या काम करत नसल्या की अंगातलं जास्तीचं पाणी आणि पोटॅशियम बाहेर टाकायला डायलिसिसशिवाय वाट उरत नाही. पाणी फुप्फुसांपर्यंत पोचतं. त्या रात्री त्यांना आडवं होता येईना, ते बहुधा यामुळेच. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि याची आधी काही चाहूल लागेलच असं नसतं. एक पाळी चुकली होती आणि का चुकली, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं नसेल तर या खेपेला सांगा. उपास-प्रार्थनेतही मिस्टरांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्यापिण्यात बदल करू नये.

तुम्ही त्यांना रडून-भांडून नेलंत. बरं केलंत. या पत्रात पुढे मी काहीही लिहिलं तरी ते हे वाक्य जमेला धरूनच वाचा.

आता येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, त्या पेत्राची गोष्ट. त्या सेवकांनी ती अर्धीच सांगितली. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उघडा आणि बाविसाव्या वचनापासून वाचा. शिष्यांना होडीत बसायला कोणी लावलं? खुद्द येशूने. त्याने त्यांना आग्रहाने होडीत बसवून पुढे धाडलं होतं. म्हणजे होडीत असणं हीच त्या रात्रीपुरती प्रभूची आज्ञा होती. वारा समोरचा, लाटा अंगावर येतायत, रात्रीचा चौथा प्रहर, आणि येशू पाण्यावरून चालत येतो. पेत्र तरीही उडी टाकत नाही. आधी म्हणतो, प्रभू, आपण असाल तर मला आज्ञा करा. येशू म्हणतो, "ये." मग तो उतरतो. बाकीचे अकरा जण होडीतच राहिले आणि प्रभू त्यांना एका शब्दानेही रागावला नाही. पुढे पेत्र बुडायला लागला, येशूने हात धरला, आणि मग? दोघेही होडीतच चढले. वारा पडला तो त्यानंतर.

तुमच्या मिस्टरांना "ये" असं कोणी म्हटलं होतं? प्रभूने नाही. एका माणसाने पेत्राला आलेलं बोलावणं उचललं आणि तुमच्या घरावर चिकटवलं. पवित्र शास्त्रातल्या उदाहरणांचा सगळ्यात घातक वापर तो हाच. एका विशिष्ट माणसाला, विशिष्ट रात्री दिलेला शब्द सरसकट सगळ्यांना लागू करायचा, आणि काही बिनसलं की दोष ऐकणाऱ्याच्या विश्वासावर टाकून मोकळं व्हायचं. या बाबतीत मला कठोर बोलावं लागतंय, कारण मशीन सोडा म्हणणारे ते सेवक त्या रविवारी रात्री तुमच्या मिस्टरांच्या उशाशी नव्हते. तुम्ही होता.

याच मत्तयात दहा अध्याय आधी आणखी एका उडीची गोष्ट आहे. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. वर चक्क स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवतो. येशू उडी टाकत नाही. परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको, एवढंच सुनावतो. तेव्हा त्याचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची आपली कोणाची छाती होईल?

औषधपाण्याबद्दलही शास्त्र मोकळं बोलतं, आपणच ती वचनं वाचत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. भिंतीकडे तोंड करून तो रडला, त्याने प्रार्थना केली आणि यशया संदेष्टा राजवाड्याच्या बाहेर पडायच्या आत उत्तर आलं, तुझं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवतो. देवाचा शब्द मिळाला, वर्षंही मोजून मिळाली. त्यानंतर यशया काय सांगतो? अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर लावा. लेप लावला आणि राजा बरा झाला. त्या लेपामुळे प्रार्थना खोटी ठरली नाही.

नव्या करारात पाहा. प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी नेऊन इफिसात रोगी बरे होत होते. तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो, तुझ्या पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, निरोपानिरोपीच्या ओळींत, एक छोटं वाक्य आहे. त्रफिमाला मी मिलेतात आजारी असताना सोडलं. बस, इतकंच. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असंही नाही आणि पौलाची प्रार्थना कमी पडली असंही नाही. एक मित्र आजारी होता, प्रवासात बरोबर येऊ शकला नाही, म्हणून मागे ठेवावा लागला. याच पत्रात पौल सांगतो, माझ्याजवळ एकटा लूक आहे. लूक कोण, तर कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात ज्याला तो 'प्रिय वैद्य' म्हणतो तो.

मिस्टरांना त्रफिमाचं हे वाक्य दाखवा. उपदेश म्हणून नको, नुसतं बोट ठेवून दाखवा. त्यांच्या गप्पपणात रागापेक्षा वेगळं काही असावं अशी मला शंका आहे. देवाने परीक्षा घेतली आणि आपण नापास झालो, असं त्यांनी मनाशी धरलं असेल. आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्या मनात इतकं ओझं घालून जाणं फार वाईट.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिता, त्यांच्यासारखा विश्वास माझ्यात नाही. कोणासारखा? मार्काच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापासारखा तरी आहे ना? मुलगा लहानपणापासून आजारी, शिष्यांनी प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. बाप येशूला म्हणतो, आपल्या हातून काही होत असेल तर करा. त्या बिचाऱ्याचा धीर इतकाच उरलाय. येशूने त्यावर टोकलं, तेव्हा तो ओरडला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." येशूने त्याला, आधी घरी जाऊन विश्वास वाढवून ये, असं म्हटलं नाही. त्याच क्षणी मुलाला बरं केलं.

किंवा बाप्तिस्मा करणारा योहान घ्या. यार्देनेच्या काठी येशूकडे बोट दाखवून, येणारा तो हाच, असं ज्याने साऱ्या लोकांना सांगितलं, तोच तुरुंगात पडल्यावर निरोप धाडतो, "जे येणार आहेत ते आपणच, किंवा आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?" ज्याच्यासाठी आयुष्य वाहिलं त्याच्याबद्दलच शंका. येशूने उत्तर पाठवलं. लूक आपल्या शुभवर्तमानात इथे एक बारीकशी गोष्ट नोंदवतो. निरोप आणणारे निघून गेल्यावर येशू लोकसमुदायाशी बोलू लागला आणि म्हणाला, स्त्रियांपासून जन्मलेल्यांमध्ये योहानापेक्षा मोठा कोणी नाही. ही प्रशंसा त्याने योहानाच्या शंकेनंतर केली, आणि ती शंका सगळ्यांनी नुकतीच ऐकली होती.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातली ती प्रार्थना सभा तर मी बायकांना हमखास वाचायला सांगते. पेत्र तुरुंगात आहे, मंडळी मार्काच्या आईच्या घरी रात्री जमून एकाग्रतेने प्रार्थना करतेय. देवदूत पेत्राला सोडवतो, तो येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, पेत्र दाराशी उभा आहे! आतले प्रार्थना करणारे काय म्हणतात? "तू वेडी आहेस." ज्यासाठी गुडघे टेकले होते तेच दारात उभं असताना त्यांचा विश्वास बसत नव्हता. तरी देवाने पेत्राला सोडवलंच होतं. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं खरं असतं, मंडळीच्या अविश्वासाने देवाचं काम अडत असतं, तर पेत्र त्या रात्री साखळदंडांतच राहिला असता.

पण याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात काय आहे तेही डोळे उघडे ठेवून वाचा. हेरोद राजाने शिष्य योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. याकोब आणि पेत्र दोघेही बारांपैकी, दोघेही गालीलातले कोळी, येशूचं रूप पालटलं त्या डोंगरावर दोघेही प्रभूबरोबर गेलेले. एक मारला गेला, एक सुटला. का, ते या पुस्तकाचा लेखक लूक सांगत नाही. याकोबासाठी प्रार्थना कमी झाली होती असं तर तो मुळीच सुचवत नाही. तुमचा "आम्हाला का नाही?" हा प्रश्न याकोबाच्या आईनेही केला असेल. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि जो कोणी तुम्हाला चुटकीसरशी उत्तर देईल त्याच्यापासून जपून राहा. दुःखात बुडालेल्या ईयोबाच्या मित्रांकडे सगळी उत्तरं तयार होती. शेवटी परमेश्वर त्यांच्यावरच संतापला आणि म्हणाला, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ईयोबाचं बोलणं तर नुसतं गाऱ्हाणं होतं!

तेव्हा शिकायचं काय, हा तुमचा प्रश्न. माझं मत सांगते. आपण ही उदाहरणं शेवटाकडून वाचतो. अब्राहामाला मुलगा झाला, हन्नाला मुलगा झाला, दानीएल सिंहांच्या तोंडून वाचला. मग वाटतं, विश्वास म्हणजे इतकं भरलं की तितकं मिळतं. ही माणसं स्वतः मात्र शेवट माहीत नसताना जगली. त्यांच्याकडून घ्यायचं ते त्या मधल्या काळातलं, जेव्हा हातात काही नव्हतं तेव्हा ती देवाशी कशी वागली, काय बोलली, कुठे घसरली आणि देवाने त्यांना कसं धरून ठेवलं.

अब्राहामाचं आयुष्य एकदा सलग वाचा. उत्पत्ती बारापासून तेवीसपर्यंत, एका बैठकीत होईल. देवाने बोलावलं तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. हारान सोडून निघाला. त्याच अध्यायात, पान उलटायच्या आत, दुष्काळ पडला म्हणून मिसरात गेला आणि जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगितलं. पंधराव्या अध्यायात तो देवाला तोंडावर विचारतो, मला काय देणार तू? मी तर निपुत्रिक चाललो, माझ्या घरचा वारस होणार तो दिमिष्कीचा अलियेजर. "त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला" हे आपण भिंतीवर लावतो ते वचन या तक्रारीनंतर अवघ्या चार वचनांनी येतं. आधी गाऱ्हाणं, मग आकाशातल्या ताऱ्यांइतक्या संततीचं देवाचं वचन, मग विश्वास, असा तो क्रम आहे. त्यानंतरही सरळ रस्ता नाही. सोळाव्यात सारेची दासी हागार येते, तिच्यापासून मूल मिळवायचं ठरतं, आणि त्या दासीच्या वाट्याला जे आलं त्याला अब्राहाम आणि सारा दोघंही जबाबदार आहेत. इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम शहाऐंशी वर्षांचा. पुढली तेरा वर्षं शास्त्र गप्प आहे. नव्व्याण्णवाव्या वर्षी देव पुन्हा वचन देतो, तेव्हा हा विश्वासणाऱ्यांचा बाप पालथा पडून हसतो. विसाव्यात गरारला जाऊन पुन्हा तीच थाप, ही माझी बहीण. आणि शंभराव्या वर्षी इसहाक.

पंचवीस वर्षं झाली. त्यात दोन वेळा खोटं बोलणं, एकदा स्वतःच्या डोक्याने काढलेला मार्ग, एक तक्रार, एक हसू. देवाने वचन मागे घेतलं नाही. "अब्राहामासारखा विश्वास ठेव" असं कोणी म्हणालं तर यातलं सगळं त्यात येतं.

आणि सगळे संदेश इसहाकाशी थांबतात, किंवा फार तर मोरिया डोंगराशी, जिथे अब्राहाम इसहाकाचा बळी द्यायला निघाला होता. तुम्ही तेवीसावा अध्याय जरूर घ्या. सारा मेली. देवाने अब्राहामाला सगळा कनान देश देऊ केला होता, आणि बायकोला पुरायला त्याच्याजवळ वीतभर जागा नव्हती. हित्ती लोकांपुढे तो वाकून उभा राहतो, म्हणतो, मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, मला कबरेसाठी जागा विकत द्या. एफ्रोन तोंडदेखलं म्हणतो, घ्या की, फुकट घ्या, आणि मग हळूच किंमत सांगतो. चारशे शेकेल रुपं. अब्राहाम घासाघीस न करता मोजून देतो. त्या वचनदत्त देशात त्याच्या मालकीचा झाला तो एवढाच तुकडा, मकपेलाची गुहा आणि भोवतालचं शेत. तो वतनदार म्हणून मेला नाही. इब्री लोकांस पत्राचा लेखक तेच म्हणतो, हे सर्व विश्वासात मेले, वचनांची फळं त्यांच्या हाती आली नव्हती, त्यांनी ती दुरून पाहिली.

ज्या अकराव्या अध्यायावरून तुमच्या महिला मंडळाने विषय घेतलाय, त्याचा शेवट वाचताना आपण फार घाई करतो. चौतिसाव्या वचनात काही जण तलवारीच्या धारेपासून वाचले. सदतिसाव्यात काही जण तलवारीने मारले गेले. पस्तिसाव्या वचनाच्या पहिल्या भागात बायकांना आपली मेलेली माणसं जिवंत परत मिळतात, आणि तिथेच, त्याच वचनात, दुसऱ्यांचे हाल सुरू होतात. टवाळ्या, फटके, बेड्या, धोंडमार. मग एकोणचाळिसाव्यात लेखक सगळ्यांना एकाच ओळीत घेतो. या सर्वांविषयी त्यांच्या विश्वासामुळे चांगली साक्ष देण्यात आली. सुटलेल्यांविषयी आणि न सुटलेल्यांविषयी, एकच साक्ष. तुमचे मिस्टर बरे झाले तर विश्वासवीर आणि नाही झाले तर अविश्वासी, असं मोजमाप त्या अध्यायात कुठेही नाही.

ते पत्र लिहिलं होतं कोणासाठी, हेही आधीच्या अध्यायात दिसतं. मालमत्ता लुटली गेलेली, एकत्र जमणं सोडू लागलेली, थकलेली माणसं. त्यांना लाजवण्यासाठी ही यादी दिलेली नाही, आणि यादी संपताच लेखक म्हणतो, येशूकडे पाहत राहा. तो येशू, ज्याने गेथशेमाने बागेत पालथं पडून विनंती केली की हा प्याला माझ्यावरून टळून जावो. तो टळला नाही. बहिणी, न मिळालेल्या उत्तराचं दुःख देवाच्या पुत्राला माहीत आहे. तुमच्या रागाला माझ्याकडे दुसरं औषध नाही, पण हे आहे, आणि यावर मी स्वतः उभी आहे.

राग येतो म्हणून घाबरू नका. तो देवाला सांगा, त्याच्या पाठीमागे नको. तेरावं स्तोत्र "हे परमेश्वरा, किती वेळ?" असंच सुरू होतं आणि पहिल्या दोन वचनांत तो प्रश्न चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधारातच संपतं. ही उपासनेत गायची गीतं होती. एखाद्या गुरुवारी, ते मशीनवर असताना बाहेरच्या बाकावर बसून हे तेरावं स्तोत्र तुमच्या शब्दांत म्हणा.

आपल्या मातीतलं एक उदाहरण आठवतं ते पंडिता रमाबाईंचं. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच 1882 मध्ये पती गेले. हाती एक तान्ही मुलगी राहिली, मनोरमा. हीच मनोरमा मोठी होऊन केडगावच्या मुक्ती मिशनचं काम सांभाळू लागली, आणि 1921 मध्ये तीही आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याच्या कामात होत्या. ते काम त्यांनी टाकलं नाही, पुरं केलं, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांना प्रभूने नेलं. मनोरमा वाचावी म्हणून त्या बाईने प्रार्थना केली नसेल का?

आता तुमचे चार संदेश. बोलायचं तुम्हीच. पहिला हन्नेचा घ्या, कारण ती या घडीला तुमच्या सगळ्यात जवळची आहे. महिला मंडळांत हन्ना बहुतेक वेळा अशी सांगितली जाते की मूल नसलेल्या बायकांना मान वर करणं कठीण व्हावं. मागितलं, मिळालं, संपलं. तुम्ही शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय हळू वाचा. तिची सवत पनिन्ना तिला वर्षानुवर्षं टोचत होती, तेही उपासनेला गेल्यावर. नवरा चांगला, पण त्याला कळत नाही, म्हणतो, दहा मुलांपेक्षा मी तुला जास्त नाही का? ती मंदिरात ओठ हलवत प्रार्थना करतेय आणि एली याजक, देवाचा सेवक, तिला दारू प्यायलेली समजतो. एका सेवकाने प्रार्थना करणाऱ्या बाईला चुकीचं ओळखलं. ती मान खाली घालून निघून गेली नाही. म्हणाली, नाही, माझ्या स्वामी, मी दुःखी बाई आहे, मी परमेश्वरापुढे मन ओतत होते, मला अधम समजू नका. आदराने आणि स्पष्टपणे. एलीने ते ऐकलं आणि आशीर्वाद दिला. मग ती गेली, जेवली, तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. हे सगळं तिचा मुलगा शमुवेल पोटात येण्याआधीचं. तुमच्या मंडळात मूल नसलेली, कर्जात बुडालेली, दारुड्या नवऱ्याची अशी कोणी ना कोणी असणारच. ती जेवणापर्यंतची गोष्ट तिच्यासाठी आहे.

अब्राहामाचं वर आलंच. मोशे घेताना जळतं झुडूप सांगाच, पण नबो डोंगरही सांगा, जिथून त्याने वचनदत्त देश डोळ्यांनी पाहिला आणि आत पाऊल न टाकता मेला. दानीएलाच्या पुस्तकातून तिसरा अध्याय घ्या. माझ्या मूर्तीपुढे वाका, नाहीतर जळत्या भट्टीत टाकतो, अशी राजा धमकी देतो, तेव्हा शद्रख, मेशख आणि अबेद्नगो त्याला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला दंडवत घालणार नाही. ते "नाही सोडवलं तरी" भट्टीत जायच्या आधी म्हटलेलं आहे.

मंडळाच्या यादीत नसलेला एक माणूस तुमच्या स्वतःसाठी. एलीया. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा संदेष्टा दुसऱ्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवतो, म्हणतो, ऊठ, खा. तो खातो, परत झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो. दोन वर्षं शाळा, घर आणि दवाखाना तुम्ही एकटीने ओढताय. एखादा गुरुवार मिस्टरांबरोबर जायला मंडळीतल्या कोणाला तरी सांगा आणि त्या दिवशी घरी झोपा. पाळकसाहेबांना हे थेट सांगायला संकोच करू नका, महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना तर नाहीच. चार संदेश मागणाऱ्यांकडून एक गुरुवार मागायचा तुम्हाला हक्क आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका. लेकाला असं बघवत नाही, म्हणून त्या दोष ठेवायला जागा शोधतायत. एकदा त्यांना सोबत दवाखान्यात न्या आणि चार तास तिथे बसू द्या. डॉक्टरांनाच त्यांच्याशी बोलायला सांगा. अविश्वासाचा विषय पुन्हा निघाला तर हन्नेसारखं एकदाच, शांतपणे सांगा, आई, मी रोज प्रार्थना करते आणि त्यांना दवाखान्यात नेते, मला दोन्ही देवासमोर करता येतं. दुसऱ्यांदा सांगत बसू नका.

मिस्टरांसाठी प्रार्थना थांबवू नका, बरं होण्यासाठीसुद्धा. देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिची जबाबदारी असलेल्या वडीलधाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं सांगितलंय. तुमच्या पाळकसाहेबांना आणि मंडळीच्या वडिलांना घरी बोलवा, डायलिसिस नसेल त्या दिवशी, आणि वर जे घडलं ते सगळं त्यांना सांगा. बाहेरच्या सेवकांनी रोग्यांना औषध-उपचार सोडायला सांगू नये, एवढं बघणं हे त्यांचं काम आहे आणि ते त्यांनी करायला हवं. ते सेवक पुन्हा तुमच्या घरी येणार म्हणाले, तर पाळकसाहेब हजर असतानाच या म्हणावं.

तुमची,
ताई